सकाळच्या वाटीतले तपकिरी दूध

प्रश्न : मी नाशिकला राहते. आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा सहा वर्षांचा असून पहिलीत आहे आणि त्याची शाळेची बस सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी येते. गेली दोन वर्षे तो रोज सकाळी दुधात चॉकलेटचे सिरीअल खातो; दूध फिके लागले तर पीत नाही, म्हणून मी त्यात चमचाभर साखरही घालते. मागच्या महिन्यात दंतवैद्यांनी त्याच्या दोन दाढा भरल्या आणि सकाळच्या खाण्याची चौकशी केली. सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या की साखर म्हणजे विष, त्याला पोहे-उपमा द्या. यजमानांचे म्हणणे असे की पाकिटावर साखर रोजच्या गरजेच्या १७ टक्केच लिहिली आहे, शिवाय त्यात लोह आणि जीवनसत्त्वे आहेत. पाकिटावरचे आकडे असे : १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर २८ ग्रॅम, एक सर्व्हिंग (एका वेळी खाण्याचे प्रमाण) ३० ग्रॅम. त्याची नेहमीची वाटी मी वजनकाट्यावर ठेवली, तर सिरीअल ५० ग्रॅम भरले. वर्गशिक्षिका सांगतात की दहाच्या सुमारास तो चुळबुळ करू लागतो. हे साखरेमुळे होते का? सिरीअल बंद केले तर तो उपाशीच शाळेत जाईल, अशी भीती वाटते. सवलतीत घेतलेली ३७५ ग्रॅमची दोन पाकिटे अजून फडताळात आहेत. आई म्हणून मी आळस केला का?

उत्तर : तुम्ही मुलाची वाटी वजनकाट्यावर ठेवून पाहिलीत, हे फार चांगले केलेत, कारण पाकिटावरचे सर्व्हिंग आणि घरातली वाटी यांतला फरक बहुतेक घरांत कोणी मोजतच नाही. पाकिटाच्या हिशेबाने एका सर्व्हिंगमध्ये ८.४ ग्रॅम साखर आहे. तुमच्या मुलाच्या वाटीत ५० ग्रॅम सिरीअल जाते, म्हणजे साखर १४ ग्रॅम होते. चहाच्या चमच्यात साखर साधारण ४ ते ५ ग्रॅम मावते, तेव्हा हे झाले तीन चमचे, आणि दुधात घातलेला चौथा चमचा धरला तर बस येण्यापूर्वीच त्याच्या पोटात १८-१९ ग्रॅम साखर गेलेली असते.

आता १७ टक्क्यांबद्दल. तुमच्या यजमानांनी वाचलेला आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मुलासाठी काढलेला नाही. एफएसएसएआय, म्हणजे देशाचे अन्न सुरक्षा प्राधिकरण, याच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ही टक्केवारी सरासरी प्रौढ माणूस समोर धरून काढावी लागते : दिवसाला २००० किलोकॅलरी आणि वरून घातलेली साखर ५० ग्रॅम. ८.४ ला ५० ने भागले की १७ टक्के येतात, मग पाकिटावर चित्र लहान मुलाचे असो की आणखी कोणाचे. सहा वर्षांच्या मुलाचा हिशेब वेगळा करावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज १३६० किलोकॅलरी दिलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून, आणि मध, सिरप व फळांचा रस यांच्यातल्या साखरेतून, दिवसाच्या ऊर्जेचा १० टक्क्यांपेक्षा कमी भाग यावा आणि जमल्यास तो ५ टक्क्यांच्याही आत ठेवावा. एक ग्रॅम साखर ४ किलोकॅलरी देते, त्यामुळे तुमच्या मुलासाठी वरची मर्यादा ३४ ग्रॅम होते आणि चांगली मर्यादा १७ ग्रॅम. म्हणजे ही चांगली मर्यादा तो सकाळी सात वाजताच ओलांडतो, आणि त्यानंतरच्या दिवसात बिस्किटे असतात, पोळीला लावलेला जॅम असतो, कोणाच्या तरी वाढदिवसाची चॉकलेटे असतात, संध्याकाळच्या दुधातली पावडर असते. पाकिटावर 'गरज' म्हणून जे छापलेले आहे त्या शब्दानेही फसू नये, कारण वरून घातलेल्या साखरेची गरज शरीराला मुळात नसतेच. तो आकडा फार तर कमाल मर्यादेचा आहे.

दुधाची स्वतःची साखर आणि अख्ख्या फळातली साखर या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा दूध आणि केळे यांच्याबद्दल मनात किंतु आणू नका. गूळ आणि मध मात्र धरतात. साखरेऐवजी मध घालून आपण काही पौष्टिक केले असे पुष्कळ पालकांना वाटते, पण मुलाच्या दातांना त्यातला फरक कळत नाही.

दातांचा मुद्दा मला तुमच्या पत्रात सर्वांत तातडीचा वाटतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातांचे कवच झिजवते. त्यात हे सिरीअल दुधात भिजले की त्याचा लगदा दाढांच्या खाचांत जाऊन बसतो आणि मूल तसेच बसमध्ये चढते. भरलेल्या दाढा दुधाच्याच असतील, त्या पडतील तेव्हा पडतील, पण याच वयात, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास, पहिली कायमची दाढ येते. ती सर्वांत मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे येते आणि तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे कित्येक आईवडिलांना ती आल्याचे कळतच नाही, किंवा तीही दुधाचीच आहे असे समजून ते निर्धास्त राहतात. नव्या दाढेचे कवच अजून पुरते पक्के झालेले नसते आणि तिच्या खाचा खोल असतात. पुढच्या खेपेला दंतवैद्यांना ती दाढ आली आहे का ते पाहायला सांगा आणि तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे दातावर लावायच्या संरक्षक लेपाने, बुजवणे योग्य होईल का, हेही विचारा. तोपर्यंत नाश्ता झाल्यावर दोन घोट पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टने, वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन, तुमच्यापैकी एकाने स्वतः ब्रश करून द्यायचा. सहा वर्षांच्या मुलाचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही.

वर्गातल्या चुळबुळीचे कारण साखरेत शोधू नका. साखरेने मुले उड्या मारू लागतात ही समजूत घरोघरी आहे, परंतु मुलांना आणि पालकांनाही नकळत साखर देऊन किंवा न देऊन केलेल्या चाचण्यांचा १९९५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडतो असे आढळले नाही. तुमचा मुलगा सात वाजता खातो आणि दहा वाजता अस्वस्थ होतो. मला त्यात साधी भूक दिसते. या प्रकारच्या सिरीअलमध्ये पीठ आणि साखर मुख्य, प्रथिने आणि तंतू (फायबर) बेताचेच, त्यामुळे वाटी भरलेली दिसते तरी पोट फार वेळ धरून राहत नाही.

यजमानांच्या दुसऱ्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि तो झटकून टाकू नये. आपल्याकडे लहान मुलांत रक्तक्षय फार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये तो आढळला. सिरीअलमध्ये लोह आणि जीवनसत्त्वे वेगळी मिसळलेली असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. प्रश्न एवढाच आहे की त्या लोहासाठी रोज तीन चमचे साखर सोबत घ्यावी का. लिंबू पिळलेले पोहे, मेथीचे थालीपीठ, अळिवाची खीर, उसळ-पोळी यांतून लोह मिळते, आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते शरीरात चांगले शोषले जाते. मूल फिकट दिसत असेल, लवकर थकत असेल, तर नाश्त्यावरून तर्क करत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

आता पर्यायाचा विचार करू. इथे मला सासूबाईंपेक्षा थोडे वेगळे सांगायचे आहे. त्या म्हणतात ते पोहे आणि उपमा उत्तमच आहेत, पण दोन वर्षे रोज वाटीत गार दूध ओतून खाणाऱ्या मुलापुढे उद्या एकदम गरम उपम्याची बशी ठेवली तर तो ती बाजूला सारेल, आणि मग तुमची भीती खरी ठरेल. त्याला त्या वाटीत काय आवडते ते एकदा जवळ बसून पाहा. गोड चव आवडते हे खरेच, पण त्याशिवाय पहिल्या दोन मिनिटांतला कुरकुरीतपणा आवडतो, दूध स्वतःच्या हाताने ओतायला मिळते ते आवडते, कोणी भरवत नाही, 'आटप आटप' करत नाही, ते आवडते; आणि शेवटी तळाशी जे तपकिरी दूध उरते ते वाटी तोंडाला लावून पिण्यात तर त्याला सर्वांत जास्त मजा येत असणार. त्या तपकिरी दुधात सिरीअलवरचे साखरेचे आवरण विरघळलेले असते. यातला गोडवा सोडला, तर बाकी कशालाही हात लावण्याचे कारण नाही. वाटी तीच राहू द्या, दूध तेच राहू द्या, ओतायचे त्यालाच, फक्त वाटीतला जिन्नस बदला.

आणि तो जिन्नस आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याच्या लाह्या, साळीच्या लाह्या या दुधात घालून खाण्याची पद्धत आपल्याकडे कॉर्नफ्लेक्स येण्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. नागपंचमीला ज्या लाह्या आपण नैवेद्यापुरत्या आणतो, त्याच भडभुंज्याकडून किलोभर आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या तर महिनाभर कुरकुरीत राहतात. ज्वारीच्या लाह्या आणताना त्या चाळून, न फुटलेले दाणे काढून टाका. कडक दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. राजगिऱ्याच्या लाह्या इतक्या बारीक असतात की दुधात लगेच मऊ होतात, म्हणून दोन्हींचे मिश्रण करावे : ज्वारीच्या दोन मुठी, राजगिऱ्याची एक, वर चमचाभर दाण्याचे कूट किंवा भाजलेल्या तिळाची भरड, आणि अर्ध्या केळ्याचे काप. कुटामुळे आणि दुधामुळे प्रथिने येतात, ज्वारीमुळे तंतू येतात, केळ्यामुळे गोडी येते. याला वेळ लागतो दोन मिनिटे, आणि गॅस पेटवावा लागत नाही.

एक गोष्ट इथे जाता जाता सांगावीशी वाटते. अशा सिरीअलमध्ये सर्वांत ओळखीचे जे कॉर्नफ्लेक्स, ते अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी रुग्णांच्या पथ्यासाठी तयार केले होते आणि त्यात साखर घालायला त्यांचा विरोध होता. धाकटे बंधू विल यांना ते बाजारात खपवायचे होते, त्यांनी साखर घातली, दोघांचे फाटले, आणि १९०६ मध्ये विल यांनी वेगळी कंपनी काढली. वाटी मुळात गोड नव्हती, ती नंतर गोड केली गेली, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

तपकिरी दुधाबद्दल तो हटून बसला, तर तेही त्याला द्या. बिनसाखरेची कोको पावडर बाजारात मिळते. ती पाव चमचा घेऊन थोड्या गरम दुधात आदल्या रात्री नीट घोटून ठेवा, म्हणजे सकाळी गार दुधात मिसळता येते. कोको कडू असतो, त्यामुळे सुरुवातीला त्यात चमचाभर साखर लागेल, पण वाटीतला तेवढाच एक चमचा असेल, आणि किती घातला हे तुम्हाला माहीत असेल. पुढे तो अर्ध्यावर आणा. आता दुधात जी साखर तुम्ही वेगळी घालता तीही अशीच दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत जा. मुलांची जीभ कमी गोडाला सरावते, मात्र त्यासाठी नवी चव आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा, पुढे यावी लागते. तिसऱ्याच दिवशी 'याला आवडतच नाही' असा निकाल देऊ नका.

सासूबाईंना या बेतात जरूर घ्या. लाह्या कुठे चांगल्या मिळतात, त्या मऊ पडल्या तर कढईत मंद आचेवर पुन्हा कुरकुरीत कशा करायच्या, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. आठवड्यातून दोन दिवस तिखटमिठाचा नाश्ता ठेवा आणि ते दोन दिवस त्यांच्या हातचे असू द्या : मुगाच्या डाळीचे धिरडे, ताकातली उकड, फोडणीची पोळी, भाजणीचे थालीपीठ लोण्याबरोबर. नाचणीचे घावन केले तर फारच उत्तम. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तेवढ्याच दुधातल्यापेक्षा दुपटीहून जास्त आहे. त्यांना एवढी विनंती मात्र करा की नातवासमोर साखरेला विष म्हणू नये. जे आईने दोन वर्षे स्वतःच्या हाताने दिले ते विष होते असे ऐकून सहा वर्षांच्या मुलाने काय समजायचे? त्याला एवढेच सांगावे की तुझी मागची नवी दाढ येते आहे आणि तिला कमी गोड लागते. हे त्याला समजेल, कारण दाढा भरताना खुर्चीत तोच बसला होता.

शाळेची मदत होत असेल तर घ्या. सीबीएसईने २०२५ च्या मे महिन्यात आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर असते आणि दिवसाला किती पुरे, हे मुलांना दिसेल असा फलक. तुमची शाळा त्या मंडळाची नसली तरी पालकसभेत हा विषय काढायला हरकत नाही. पहिलीतले मूल घरच्यांपेक्षा वर्गातल्या मित्राचे लवकर ऐकते.

कधी पाकीट विकत आणावेच लागले, गावी जाताना, घाईच्या आठवड्यात, तर समोरच्या बाजूवरचे 'मल्टिग्रेन', 'मधयुक्त', 'मैदा नाही' हे शब्द वाचण्यात वेळ घालवू नका, पाकीट उलटे करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. त्यात साखर दुसरी किंवा तिसरी असेल, किंवा साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध अशी ती चार नावांनी विखुरलेली असेल, तर पाकीट परत ठेवा. मग १०० ग्रॅमच्या रकान्यातली साखर पाहा, सर्व्हिंगच्या नव्हे. ब्रिटनच्या लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांच्या पद्धतीत १०० ग्रॅममध्ये एकूण साखर ५ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवी खूण मिळते आणि २२.५ ग्रॅमच्या वर गेली की लाल. तुमचे सध्याचे पाकीट तिथे लाल ठरेल. साधे ओट्स, ज्यांच्या यादीत ओट्स एवढाच एक शब्द असतो, हे दुकानातल्या पर्यायांत मला सर्वांत बरे वाटतात. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये साखर कमी असते, पण तंतूही कमी असतात, आणि घरी आपण वरून दोन चमचे साखर घालतो ती वेगळीच. मुस्लीमध्ये बेदाणे आणि साखरेत मुरवलेले फळांचे तुकडे किती आहेत ते पाहावे. 'शुगर फ्री' म्हणून कृत्रिम गोडी घातलेले काही मुलासाठी आणू नका. त्याने जिभेची गोडाची सवय तशीच राहते. संध्याकाळच्या दुधातल्या पावडरीचेही पाकीट असेच उलटे करून वाचा. अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा काही प्रकारच नाही, आणि म्हणूनच २०२४ च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना त्या शीर्षकाखालून अशी पेये काढायला सांगितली.

तुम्ही आळस केला का, असे विचारले आहे. नाही. सकाळी साडेसहा ते सात या वेळात डबा, गणवेश, दप्तर आणि स्वतःचे आवरणे हे सगळे ज्या बाईला एकटीने उरकावे लागते, तिने दोन मिनिटांत होणारा नाश्ता निवडला तर त्याला आळस म्हणता येत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की ही नवी वाटी तुमच्या कामांत आणखी एका कामाची भर म्हणून येऊ नये. रात्री केळे, कूट आणि लाह्यांचा डबा टेबलावर काढून ठेवणे, सकाळी मुलाशेजारी बसणे आणि नंतर चूळ भरून घेणे हे काम यजमानांकडे द्या. पाकीट त्यांनी वाचलेले आहे, त्यामुळे हा हिशेब त्यांना लगेच पटेल.

उपाशी जाण्याची भीतीही बदल हळूहळू केला की उरणार नाही. फडताळातली दोन पाकिटे फेकू नका आणि लपवूही नका, त्यांचाच उपयोग करा. पहिले दहा दिवस वाटीत पाऊण भाग जुने सिरीअल आणि पाव भाग लाह्या, पुढचे दहा दिवस निम्मे-निम्मे, त्यापुढचे दहा दिवस पाव भाग सिरीअल आणि पाऊण भाग लाह्या. दिवसाला आधी साडेसदतीस ग्रॅम, मग २५, मग साडेबारा, असा हिशेब धरला तर तीस नाश्त्यांत बरोबर ७५० ग्रॅम संपतात, म्हणजे तुमची दोन्ही पाकिटे. रविवारी त्याने जास्त मागितले तर मूठभर जास्त द्या, एक-दोन दिवस हिशेब मागेपुढे होईल. दुसरे पाकीट संपेल त्या दिवशी रिकामा डबा त्याच्याच हाती द्या आणि त्यात लाह्या भरायला त्याला आजीबरोबर पाठवा.